जंगलाकडून येणारा वाघ

देवरीच्या बसमध्ये रेणू मांडीवरच्या लेकीला थोपटत होती. पुढच्या सीटवर एक भावजय आणि नणंद बसल्या होत्या, मधे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं गाठोडं.

"टिंकूले वाढदिवसाले कार्टूनवाला वाघच पाहिजे, वहिनी."

"म्हणून तं हा ड्रेस भाड्यानं आणला, नीतू. तुझे दादा घालतीन. दिवे लागाच्या वेळी मागच्या जंगलाकडून अंगणात येतीन."

"जंगलाकडून?"

"कार्टूनमधला तसाच येते ना. पोरगा रोज विचारते, आई, वाघ जंगलातूनच येईन ना?"

"अवो, मागल्या महिन्यात मनिरामकाकाची गाय खऱ्या वाघानं नेली. अंधारात पट्टे दिसले तं अख्खं गाव काठ्या घेऊन धावन. दादाले ओळखाच्या आधीच ठोकतीन."

"बाई गं, हे तं डोक्यातच नाही आलं."

"कोतवालाले दवंडी द्याले सांगू?"

"मंग टिंकूच पहिले ऐकन. सरप्राइज कायचं राह्यलं?"

"मंग पुढच्या रस्त्यानं आणू."

"नाही. जंगलातूनच येईन म्हणून लेकराले सांगून ठेवलं मी."

ऐकता ऐकता रेणूचा थोपटणारा हात थांबला.

"वहिनी, भरदुपारी आणू. बाबा जंगलाच्या रस्त्यानं ट्रॅक्टर आणतीन, ट्रॉलीत दादा उभे. ट्रॅक्टरवरून आलेल्या वाघाले कोण मारते?"

"मामंजी तयार होतीन?"

"नातवासाठी? हॉर्न वाजवत येतीन."

"मंग दारात पाय धुवाले पाणी ठेवावं लागन, नीतू. एवढ्या दुरून आलेला पाहुणा होय तो."