आमदारताईंपुढे ईश्वरीचं भाषण

अगं, आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आर्वीला ईश्वरीच्या शाळेत नव्या आमदारताईंचा सत्कार, आणि स्वागताचं भाषण माझ्या या पहिलीतल्या लेकीचं! 'एसटी कंडक्टर ते आमदार' अशा ताईंवरच्या चार ओळी मीच लिहून दिलेल्या. एम.ए. असून त्याला मला तीन दिवस लागले.

ताईंनी आधी आपण करणार त्या कामांची यादी वाचली: पहिले रस्ते, मग गावोगावी बस, मग दवाखाना. नंतर ईश्वरी माइकसमोर उभी राहिली, ती ढिम्म. मी खालून नुसते ओठ हलवतेय.

ताई वाकल्या. "काऊन वं बाई, विसरली? राहू दे भाषण. तुले काय पाह्यजे ते सांग."

"पोरींच्या संडासाले कडी नाई. मैत्रीण दार धरते, अन् मधातच पळून जाते."

सगळे हसले, मुख्याध्यापक सोडून. मी मान खाली घातली. हीच तक्रार दोन पालकसभांत माझ्या तोंडाशी येऊन परत गेली होती.

ताईंनी तो यादीचा कागद काढला आणि रस्त्यांच्याही वर 'कडी' लिहिलं. तेव्हा कुठे माझी मान वर झाली, आणि चांगली ताठ झाली.

"उद्याच लावतो," ताई म्हणाल्या. "अजून काय पाह्यजे?"

ईश्वरी म्हणाली, "पहिले हे तं करा. मग सांगीन."