आज पोटभर जेवले

— बॅग खाली ठेवा आधी, वहिनी, आणि बसा. असं दारात उभं राहून भांडू नका, अख्खा वॉर्ड कान टवकारून बसलाय. मी नर्स आहे, विमा कंपनी नाही. तुमच्या नवऱ्याला आज घरी पाठवायचं मी ठरवलं का? नाही. डॉक्टरांनी ठरवलं? तेही नाही — ते तर म्हणत होते, दारू सुटायची तर अजून पंधरा दिवस तरी इथेच राहू द्या. ठरवलं कुणी, तर कंपनीतल्या माणसानं, ज्यानं त्यांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही! पाय मोडला असता ना, तर कुणी विचारलं नसतं, की काय हो, पाय आज हसला का? पण दारूचा आजार म्हटला, मनाचा आजार म्हटला, की रोज उलटतपासणी.

कशी म्हणजे? दुपारी फोन येतो वॉर्डात. पेशंट कसाय, अजून ठेवायची गरज आहे का. आहे म्हटलं की दोन दिवस वाढवून मिळतात, ते संपले की परत फोन. आणि तो माणूस बोलायला असा गोड — 'सिस्टर, जेवलात का' इथून सुरुवात. माझ्या गुडघ्याची चौकशी करतो, घरात मेलं कुणी विचारत नाही! मग हळूच, 'आपले पेशंट काय म्हणतात?' — आपले, बरं का! — आता कुणी इतक्या आपुलकीनं विचारलं तर आपण काय म्हणतो? घरचे विचारतात तेव्हा म्हणतो तेच. बरे आहेत हो, आज पोटभर जेवले, पत्ते खेळताना मोठ्यानं हसले. झालं! संध्याकाळी निरोप — सुधारणा आहे, पुढचे उपचार घरून घ्या.

हो, मीच घेतला तो फोन. ड्यूटी माझी, दुसरं कोण घेणार? अहो, असं बघू नका माझ्याकडे. नव्या पोरींना मीच शिकवते, कंपनीला चांगलं काही सांगायचं नाही, हात थरथरतात सांगा, झोप नाही सांगा — आणि माझीच जीभ घसरली. पण खोटं नाही बोलले मी! हसले होते ते. फक्त सकाळचं नाही सांगितलं.

काही नाही हो. हातांना चोळायचं औषध असतं ना, स्पिरिटसारखं — ती बाटली तोंडाला लावली होती त्यांनी. घोटभरही गेलं नसेल पोटात, मी झडप घालून काढून घेतली. डॉक्टरांना? सांगायला हवं होतं. पण ते पाया पडले हो माझ्या, सिस्टर, बायकोला कळलं तर या वेळी ती खरंच निघून जाईल — मग मला दया आली, आणि... नाही. दया कसली. ती बाटली आमच्या खिशातच राहायला हवी, या वॉर्डाचा पहिला नियम आहे तो, आणि मी ती त्यांच्या उशाशी विसरून आले होते. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता, की बाटली तिथे गेली कशी?

काय करताय? कुणाला लावताय फोन? कंपनीला? ठेवा, ठेवा तो खाली. हो, माहितीये मला, हे एवढं सांगितलं तर ते आजच्या आज मुदत वाढवतील, मला शिकवू नका! पण सांगणार कोण? मी? आणि माझी नोकरी? माझ्या घरात कमावणारं दुसरं कुणी — मला नका देऊ तो. मी काही बोललेच नाही तुमच्याशी. विचारलं कुणी तर मी नाही म्हणेन, स्पष्ट सांगते.

आले बघा ते कपडे बदलून. त्यांच्यासमोर हा विषय नको. घरी बाटल्यांवर लक्ष ठेवा, सगळ्याच — अत्तराचीसुद्धा. या आता. आणि जाताना दार ओढून घ्या.