मधोमध नसलेला मधला रूळ

…नाही हो, पडद्याची दांडी नाही ती. मोजपट्टीही नाही. जो तो मला हेच विचारतो, मागे बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "भिंतीला ठोकायची का?" मी आपला पिशवीतून काढतो, दाखवतो, सांगतो की बाई, हा रूळ आहे, खेळण्यातल्या आगगाडीचा, जुना, आणि हा नक्की कुठल्या गाडीचा ते कळल्याशिवाय माझ्या घरात शांतता नाही… तेवढ्यात त्यांचा स्टॉप येतो. माझं नेहमी असंच होतं, तुम्हाला सांगतो. मी हळू बोलतो. माझं वाक्य संपेपर्यंत माणूस उठून गेलेला असतो, म्हणून हल्ली मी मधे थांबतच नाही. तुम्ही बसलाच आहात, तर बसा.

जन्मभर लिफ्ट चालवली मी. वर की खाली, एवढंच विचारायचं, आणि कचेरीत कोण कुणाशी बोलत नाही ते लक्षात ठेवायचं, म्हणजे दोघं एकदम आत आले की आपण मधे उभं राहायचं. शिक्षण बेताचं, पण ही एक विद्या आली. घरी तीच उपयोगी पडली.

घरी म्हणजे आमची ही आणि तिचे थोरले भाऊ. मीही त्यांना दादाच म्हणतो. सासरे गेले, त्यांचं घर आवरायला काढलं, आणि बहीणभावाचं वाजलं कशावरनं, तर लहानपणीच्या आगगाडीवरनं. भांडी नाहीत, कपाटं नाहीत, आगगाडी. दादा इंजिनाचा खोका घेऊन गेले, ही रुळांचा खोका घेऊन आली, उघडून कुणीच बघितलं नाही, आणि तेव्हापासून अबोला. अबोला म्हणजे कसा, तर दर रविवारी फोन येतो. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला, मी मधे. ही मला म्हणते, "विचारा, गुडघा कसा आहे." फोनमधून दादा म्हणतात, "तिला सांगा, बरा आहे." मी तिला सांगतो, बरा आहे. ती म्हणते, "ऐकलं मी." असा वीसेक वर्षांचा अबोला. दोघांना ऐकू येतं हो, पण माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते पोचलं असं धरत नाहीत.

मग दादांचं ऑपरेशन झालं. मोठं होतं. उठून बसायला लागल्यावर फोनवर म्हणाले, "तिला सांगा, इंजिन घेऊन येतो. एकदा चालवून बघू, मागे राहायला नको काही." हिनं फोन ठेवला आणि फडकं घेऊन रूळ पुसायला बसली, तापातून उठलेल्या पोराचं तोंड पुसावं तशी, एकेक पट्टी.

दादा आले. दोघं जमिनीवर बसले, म्हणजे मी बसवलं. रूळ गोल मांडले. खोक्यातून लाल इंजिन निघालं, चावीचं, तळहाताएवढं. दादांनी चावी दिली, रुळावर ठेवलं, आणि ते बिचारं आत पडलं. चाकं अरुंद, रूळ रुंद. पोटावर पडून घुर्रर्र करत राहिलं.

"हे आपलं इंजिन नाही," ही म्हणाली. "आपलं हिरवं होतं. मोठं. तू बदललंस."

"हे आपले रूळ नाहीत. आपल्या पट्टीला दोन रूळ होते, इथं तीन आहेत. तू बदललेस, चिमे."

"चिमी म्हणायचं नाही."

इतक्या वर्षांनी एकमेकांशी थेट बोलले ते हे. दादांनी चहा अर्धा टाकला, इंजिन खोक्यात घातलं, मला म्हणाले, "तिला सांगा, मी निघालो." ती हाताच्या अंतरावर. मी सांगितलं.

पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. ही दिवसभर फोन पुसत होती. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "जा, हा रूळ कुठला ते विचारून या. खरं काय ते होऊन जाऊ दे." आता माझी पंचाईत बघा. रूळ दुसऱ्या गाडीचा निघाला तर ही खोटी, इंजिन दुसरं निघालं तर दादा खोटे, आणि कुणीही खोटं ठरलं तरी तो फोन कायमचा मुका. कशाला हवंय हो खरं, या वयात? पण पिशवी उचलली.

आधी वरच्या मजल्यावरचे साहेब. खऱ्या रेल्वेत होते. त्यांनी रूळ डोळ्यांसमोर आडवा धरला, एक डोळा मिटला. "तिसरा रूळ विजेचा असतो. तो मधोमध पाहिजे. हा एका कडेला सरकलाय."

"मग कुठला म्हणायचा, साहेब?"

"ते नंतर. आधी मार्ग बंद करा."

"दिवाणखान्यात आहे तो."

"माणसांची ये-जा असते? मग ताबडतोब बंद करा."

मी काही बोललो नाही. पिशवी उचलली.

मग जुन्या वस्तूंचा दुकानदार. दुकानात घड्याळंच घड्याळं, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, आणि आत नवरा-बायको, त्यांचंही तसंच. त्यानं पट्टी उलटी केली, खाली पुसटसा शिक्का. "काका, कोंबडा. कोंबड्याचा कारखाना म्हणजे फार दुर्मीळ." मागनं बायको म्हणाली, "कोंबडा कुठला, किटली आहे ती." "ही चोच." "ती तोटी." "किटलीला तुरा असतो?" "झाकण आहे ते. तुम्हाला माझं कधी पटलंय?" अशी ती गाडी लग्नाच्या बोलण्यांपर्यंत मागे गेली. मी दोघांच्या मधे. पिशवी उचलली.

सूनबाई म्हणाली, "बाबा, कशाला वणवण करता, जुन्या खेळण्यांच्या हौशी लोकांचा ग्रुप आहे, फोटो टाकते, अर्ध्या तासात कळेल." टाकला. एक म्हणाला विजेचा रूळ, दुसरा म्हणाला विजेचाच पण कुणीतरी उपटून वाकडा बसवलाय, तिसरा म्हणाला ज्यानं बसवला त्याची खेळण्याला हात लावायची लायकी नाही, चौथ्यानं तिसऱ्याचा बाप काढला, आणि पाचव्यानं गुलाबाचं फूल टाकून सर्वांना सुप्रभात केलं. दुपारचे चार वाजले होते. सूनबाई म्हणाली, "बाबा, दोघांनी ग्रुप सोडला. पण एक म्हणतोय, दातांच्या डॉक्टरांना दाखवा." मला वाटलं थट्टा करतोय. तर तसं नव्हतं, त्या डॉक्टरांना जुन्या आगगाड्यांचा नाद. पिशवी उचलली.

दवाखान्यात बाई विचारतात, काय दुखतंय. मी म्हटलं, "रूळ." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सरळ आत सोडलं. आत खुर्चीत एक भले मोठे गृहस्थ, तोंड उघडं, गालात कापूस. डॉक्टरांनी माझ्या हातातली पट्टी बघितली आणि त्या गृहस्थांना विसरले. दात बघायचा तो छोटा आरसा घेतला, पट्टीच्या खालून फिरवला.

"गाडी कशावर चालायची, बाबा?"

"चावीवर."

"मग चावीच्या गाडीला विजेचा रूळ कशाला?"

खरं सांगतो, इतके दिवस हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"हे दोन मापांचे रूळ आहेत," डॉक्टर म्हणाले. "मोठी गाडी बाहेरच्या दोन रुळांवरनं जाते. लहान गाडी ह्या कडेच्या आणि मधल्या रुळावरनं. घरात दोन मापांच्या गाड्या असल्या की एकाच पट्टीवर दोन्ही चालाव्यात, म्हणून थोडेसेच निघाले होते हे. मी चित्रात बघितलेत, हातात आज घेतोय."

"आणि कोंबडा?"

"इंजिन आहे ते. तुम्ही उलटं धरलंय."

खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, "आं… आं…" डॉक्टर म्हणाले, "हो, बघा ना तुम्हीही," आणि पट्टी त्यांच्या पोटावर ठेवली.

मी स्वतः फोन केला. जन्मात पहिल्यांदा कुणी न सांगता दादांना निरोप दिला, "इंजिन घेऊन या."

पुन्हा दोघांना जमिनीवर बसवलं. या वेळी इंजिन मी ठेवलं, एक बाजू कडेच्या रुळावर, एक मधल्यावर. चाललं हो. टेबलाखालनं गेलं, खुर्चीला वळसा घालून आलं, पुन्हा गेलं. दोघं बघत बसले. मग दादा सावकाश म्हणाले, "माझे रूळ जुने होते, दोन रुळांचे. मी वसतिगृहात गेलो त्यानंतरचे हे."

"बाबांनी मला हिरवी गाडी आणली, तेव्हा आले हे," ही म्हणाली. "तुझी मला कधी दिसलीच नाही, मी लहान होते. ठेवून दिली असेल."

"म्हणजे मी आल्यावर माझीही चालावी म्हणून…"

"तू आलास तो सायकलच्या मागे लागलास."

"मला सांगितलंच नाही त्यांनी."

"मला तरी कुठं सांगितलं."

इंजिनाची चावी संपली. पुन्हा कुणी दिली नाही. लिफ्टमध्ये कुणाचे डोळे भरले की आपण आकड्यांकडे बघायचं असतं. इथं आकडे नव्हते, मी पंख्याकडे बघितलं.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं. ही डोळे पुसून म्हणते, "पण मग माझं हिरवं कुठंय?"

"माझ्याकडे नाही."

"खोका तू नेलास."

"त्यात लालच होतं, चिमे."

"म्हणजे मी खोटी? आणि चिमी म्हणायचं नाही."

मी सवयीनं म्हटलं, "दादांना सांगू का काही?" दोघं एकदम म्हणाले, "तुम्ही मधे बोलू नका."

दादा दोन दिवसांसाठी आले होते. आता म्हणतात, हिरवं इंजिन मिळाल्याशिवाय हलत नाही. त्यांचा ब्रश आमच्या पेल्यात. मी दिवाणखान्यात सोफ्यावर, पाय बाहेर. सकाळी उठल्यापासून दोघांचं चालू, खिडकी उघडी का, चहा पांढरा का, आणि मधेच ही अशी हसते… मी लग्न करून आणली तेव्हा हसायची तशी. आणि शोधायचं काम कुणाकडे? माझ्याकडेच, म्हणून तर ही पट्टी अजून पिशवीत. काल दुपारी स्टुलावर चढून माळ्यावर हात घातला. सासऱ्यांच्या अंथरुणाचं गाठोडं, त्यांचं घर आवरलं तेव्हा आलेलं, कुणी सोडलं नव्हतं. आत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. थंड. एका बाजूला चावीसारखं काहीतरी.

खालनं दोघांनी विचारलं, "सापडलं का?"

मी गाठोड्याची गाठ पुन्हा नीट बांधली. म्हटलं, "नाही बुवा. उद्या बघतो. वय झालं, एका दिवसात किती शोधणार माणूस."