जाऊन राहिलो

नागपुरात घर घेतलं तेव्हाची गंमत सांगतो. तीन मजले, तीन धर्मांची भाडेकरू बिऱ्हाडं, आणि त्यासाठीच तर मी ते घेतलं. त्यातलं कोणीही जायला नको होतं. तळमजल्यावरच्या काकांना विचारलं, "काय ठरवलंत?"

"मालक बदलला. आता आम्ही जाऊन राहिलो गा."

मी शिकलो परदेशात. 'राहिलो' तेवढं ऐकलं आणि आनंदाने संत्रा बर्फी दिली.

सकाळी दारात टेम्पो!

"काका, राहणार होतात ना?"

"जाऊन राहिलो म्हटलं ना तुले!"

काकू फणकारल्या, "जातो म्हटलं तं यानं बर्फी वाटली!"

"काकू, तुम्ही राहताय म्हणून वाटली!"

काकांनी टेम्पो परत पाठवला. "मंग राहून राहिलो गा."

"म्हणजे नक्की काय?"

आतून काकू ओरडल्या, "चहा ठेवून राहिली!"