पंक्चरवाल्याचा जोड

मला पंक्चरवाला म्हणून खुशाल चिडवा, पण ब्राह्मणपुरीत गोबरगॅसचा प्लास्टिकचा पाईप पहिल्यांदा कुणी जोडला, ते ऐका. साठ सालानंतरची गोष्ट. माझ्या काकीच्या स्वयंपाकघरात गॅस न्यायला सुरतेहून पाईप आले, सोबत ते चिकटवायच्या सोल्युशनचा डबा. शहाद्याच्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी डबा बाजूला सारला आणि लोखंड तापवून पाईपला लावलं. पाईप काळा पडून वाकला. चुलीच्या धुराला कंटाळलेली काकी कपाळाला हात लावून बसली.

मी म्हटलं, "मी चिकटवू?"

मिस्त्री हसले, "हाई गॅस शे, सायकलनी ट्यूब नही!"

पहिला जोड मी ट्यूबसारखाच केला. तोंड घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारून वाळवलं, मग दाबलं. उचलताच जोड निखळला. मिस्त्री आणखी हसले. तेव्हा डोक्यात उजेड पडला, हे ओलं असतानाच बसवायचं. दुसऱ्या वेळी फुंकर आवरली आणि एका पाईपच्या रुंद तोंडात दुसरा लगेच ढकलला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींपुढे ठेवून म्हटलं, "तोडून दाखवा."

मिस्त्रींनी पाईप ओट्याच्या कडेवर आडवा धरून त्यावर पाय दिला. काडकन आवाज झाला.

"तुटना ना!" जोड तुटला असं वाटून काकी ओरडली.

मी म्हटलं, "कोठे तुटना ते तर देख, काकी."

पाईप जोडापासून वीतभर लांब तुटला होता. माझा जोड शाबूत!

आता तिथेही एक जोड लागणार होता. मी ब्रश घेतला. डबा मिस्त्रींनीच धरला.