भट्टीवरचा कान

माझं माहेर पेणजवळचं गडब, दिली रोह्याला, आन् लग्न झाल्यावर लगेच पोह्याच्या गिरणीत लागले ती केस पिकेपर्यंत तिथंच. भट्टीवर माझा हात धरणारं कोण नाय असं म्हणायचे, पण हातानं नाय हो, कानानं चालायचं ते. तापल्या वाळूत भात पडला की आधी तडतड जाड येते, मग बारीक होते, बारीक झाली की उतरवायचा, चुकलात की करपला. काय सांगू तुम्हाला, ती तडतड अजून झोपेत ऐकू येते मला.

बाजूला चाळणीवर रिबका असायची, आमच्याच आळीतली, यहुदी घरातली. शनवारी त्यांच्यात कामाला हात लावत नाय, तेव्हा तिची चाळण मी धरायचे, दिवाळीत माझी भट्टी ती. लई जीव होता एकमेकींवर.

नव्वदच्या पुढची गोष्ट. मला टीबी झाला, गोळ्या मध्येच सोडल्या, तो उलटला, मग सरकारी दवाखान्यात रोज सुई. सुईनं गुण आला, भूक लागली, पण कान किर्र वाजायला लागले, चालताना तोल जायचा. रिबका म्हणाली, अगो, गिरणीतल्या बायकांचे कान वाजायचेच, माझे नाय वाजत? आन् चक्कर ती भट्टीच्या झळीची. मला पटलं. मग डॉक्टरला कशाला सांगायचं?

एक दिवस भात करपला. माझ्या भट्टीवर! मालक पाठीमागं उभा राहून वरडत होता, ते पण मला ऐकू नाय आलं. रिबकाच दंडाला धरून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, बाई, हे गिरणीचं नाय, सुईचं. या जातीच्या सुया टीबीला मारतात, पण कधी कानाची नस धरतात, कधी मूत्रपिंड, वाजायला लागले तेव्हाच सांगायचं होतंत. सुई बंद करून दुसऱ्या गोळ्या दिल्या. वाचले. उजवा कान राहिला, डावा गेला तो गेलाच. भट्टी सुटली, मी पण चाळणीवर आले.

पुढं रिबकाला तिच्या पोरांनी इस्रायलला नेलं. स्टेशनवर मिठी मारून रडत रडत कानात कायतरी बोलली, नेमकी डाव्या. तो कान गेलेला, ते रडण्यात ती इसरली. मी आपली व्हय गो, व्हय गो. गाडी गेली.

आता नात कधी फोन लावून देते, रिबका तिकडनं हसते. तेव्हा काय बोललीस, हे इचारवत नाय. सुईला मी वाईट नाय म्हणत, तिनं जगवलं, नातवंडं दाखवली, त्या डॉक्टरलाही देव सुखी ठेवो. पण तुमच्या घरात कोणाला अशी सुई चालू असली आन् कान वाजले, तर त्याच दिवशी सांगा हो. आपलं माणूस जाताना काय बोललं, ते ऐकायला कान पायजेत.