चिकटपट्टी नको

१९८६ साली परभणीतल्या एका दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी पिंगळीच्या चतुराबाई होत्या आणि त्यांच्या मांडीवर त्यांची आठ वर्षांची लेक अंबिका. जरासं घासलं तरी तिच्या कातडीला फोड येत. जखमा भरता भरता उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली होती. ती आज सोडवायची होती. सिस्टर कागद घेऊन आल्या. बोलणं आठवतं तसं लिहितो. थोडं चुकलंही असेल.

“चतुराबाई, इथं अंगठा द्या.”

“आधी सांगा, सलाईनची सुई कशानं बसवणार?”

“चिकटपट्टीनं. सगळ्यांना तीच लावतो.”

“मागल्या खेपेला दुसऱ्या दवाखान्यात तीच लावली. काढताना पट्टीसंगं कातडी आली. बोटं ऱ्हायली बाजूला, मनगटच दोन महिने भरंना. ह्या घ्या लुगड्याच्या पट्ट्या. उकळून वाळवल्यात, लय मऊ हायत. ह्यानं बांधा.”

“आता डॉक्टरांना तुम्ही शिकवणार?”

“सुरीचं त्यायला कळतंय, कातडीचं मला. आन् काखंत हात घालून उचलू नका तिला. चादरीसकट उचला.”

“आई, तूच ये की आत,” अंबिका म्हणाली.

“नातेवाइकांना आत सोडत नाहीत, बाळा.”

“मंग अंगठा न्हाई.”

सिस्टर आत जाऊन डॉक्टरांशी बोलून आल्या.

“डॉक्टर म्हणतात, तिला टेबलावर तुम्हीच ठेवा. सुई कशी बांधायची तेही दाखवा. पण आत रडायचं नाही हं.”

“रडायला सवड कुणाला हाय? आणा तो कागद, आन् हात कुठं धुवायचे ते दाखवा.”